सेंटओएस ७ चा सपोर्ट काढण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पुढच्या आवृत्तीपासून आमची पायथन लायब्ररी सेंटओएस ७ वर (लिनक्सची एक जुनी आवृत्ती) चालणार नाही, असं मागच्या लेखात लिहिलं आणि तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या कॉलेजच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) सेंटओएस ७ आहे. त्यावरचं परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालवायला विक्रेता तयार नाही, आणि अपग्रेडचा निर्णय तुमच्या हातात नाही. आम्ही काढलेला कोड मात्र जेमतेम दोन ओळींचा, तो राहू दिला असता तर आमचं काय बिघडलं असतं? "मुक्त सॉफ्टवेअरवालेही शेवटी कंपन्यांसारखेच" हे वाक्य जरा लागलं, पण असू दे.

तुम्ही कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) उघडून पाहिलीत, एवढी तसदी कोणी घेत नाही. तेव्हा त्या दोन ओळींबद्दलच बोलू. त्या म्हणतात: रँडम आकड्यांसाठी गेटरँडम हे फंक्शन असेल तर ते वापरा, नसेल तर तसेच आकडे देणारी डेव्ह-यूरँडम ही फाइल वाचा. गेटरँडम जीलिबसीत (लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी) आलं २.२५ ला. सेंटओएस ७ मध्ये आहे २.१७, म्हणजे डिसेंबर २०१२ ची. त्यामुळे तुमच्याकडे कायम दुसरी ओळ चालते. आता फाइल वाचायची म्हणजे आधी ती उघडली पाहिजे. सीएचरूटच्या (प्रोग्रामला एका फोल्डरपुरतं कोंडून ठेवण्याची सोय) आत डेव्ह फोल्डरच नसेल तर? प्रोसेसला जेवढ्या फाइली उघडता येतात तेवढ्या आधीच उघडलेल्या असतील तर? रीड अर्धवट परतलं तर? या प्रत्येक ठिकाणी थांबायचं की पुढे रेटायचं हे ठरवावं लागतं, आणि चुकून पुढे रेटलं तर रँडम आकड्यांच्या जागी शून्यं हातात येतात. आमची लायब्ररी त्याच आकड्यांपासून सुरक्षेच्या किल्ल्या बनवते. ही वाट आज आमच्यापैकी एकाच्याही मशीनवर वापरलीच जात नाही. ती तशीच ठेवून वर रीडमीत "सेंटओएस ७ चालेल" असं लिहायला मी तयार नाही.

मग चाचण्या चालवा, असं तुम्ही म्हणाल. खरी मेख तिथेच आहे. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली आणि त्याच्या मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून उतरवायची ती यादी) पत्ताच बंद झाला. यम या कमांडने पॅकेजं बसवणारे डॉकरचे (सगळ्या सामानासकट वेगळी सिस्टिम एका कंटेनरमध्ये चालवणारं साधन) बिल्ड "होस्ट सापडत नाही" म्हणून धडाधड पडले. रेपोच्या फाइलींत व्हॉल्टचा (जुन्या पॅकेजांचा संग्रह) पत्ता घालून ते निस्तरलं. त्याच वर्षी आमच्या चाचण्या आपोआप चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सने सगळ्यांना नोड (त्यातल्या पायऱ्या चालवणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम) १६ वरून नोड २० वर नेलं. त्या नोडला जीलिबसी २.२८ लागते. म्हणजे सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये आमच्या चाचण्या राहिल्या बाजूला, कोड उतरवून घेणारी पायरीच चालेना! त्यावरही तोड आहे: कोड बाहेर उतरवायचा आणि आत फक्त डॉकर रन करायचं. तेही केलं. पण या सगळ्यात लायब्ररीत एका अक्षराची सुधारणा झाली नाही. शनिवार-रविवार घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोच आम्ही, पण कुठल्या भाजायच्या एवढं तरी आम्हाला ठरवू द्या.

(जाता जाता: सेंटओएस ७ सोबत येणाऱ्या जीसीसी ४.८ या कंपायलरमध्ये सी++ चं रेगेक्स (मजकुरात नमुने शोधायची सोय) बिनतक्रार कंपाइल होतं आणि चालवलं की तोंडावर आपटतं. ते खऱ्या अर्थाने आलं ४.९ मध्ये. "कंपाइल झालं म्हणजे चालतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.)

कंपन्यांच्या तुलनेबद्दल. रेड हॅट आरएचईएल ७ ला (सेंटओएस ७ ज्यावरून बनलं ते मूळ लिनक्स) मुदतीनंतरही सपोर्ट देते, पण त्याचे वेगळे पैसे घेते. जुनं चालू ठेवायला खर्च येतो, हे त्यांनी उघड मान्य केलंय. तुमचा तो विक्रेता परवान्याचे पैसे घेऊनही नव्या सिस्टिमवर यायला तयार नाही. हाच सवाल आधी त्याला विचारायला हवा.

पण तुमच्या बोलण्यातला एक मुद्दा पूर्ण पटतो: न सांगता दार लावू नये. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोड या कोड एडिटरची १.८६ आली आणि जीलिबसी २.२८ पेक्षा जुनी असलेल्या सर्व्हरला रिमोटने जोडणंच बंद पडलं. रात्री अपडेट झालं, सकाळी लोक आपल्याच सर्व्हरबाहेर. एवढी ओरड झाली की १.८६.१ मध्ये वर्षभराची सवलत द्यावी लागली. ती आधीच दिली असती तर?

आमच्याकडे धोका वेगळा आहे. जुनी आवृत्ती पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांचं भांडार) आहे आणि राहील, तुमच्याकडे ती चालतही राहील. पण तिथून पॅकेजं बसवणारं पिप सगळ्यात नवी आवृत्ती शोधतं. तिचं तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) तुमच्या जीलिबसीला चालत नाही असं दिसलं की सोर्स उतरवून कंपाइल करायला घेतं, आणि जीसीसी ४.८ ला आमच्या कोडला लागणारा सी++१७ चा पर्यायच ओळखता येत नाही. विद्यार्थ्याला दिसतो पानभर एरर, कारण कुठेच नाही. म्हणून नव्या आवृत्तीचं सेटअप आधी जीलिबसी तपासेल आणि जुनी दिसली तर कुठली आवृत्ती घ्यायची ते सरळ सांगून थांबेल.

जुन्या शाखेवर सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्यायलाही माझी हरकत नाही, फक्त त्या खऱ्या सेंटओएस ७ वर कोणीतरी चालवून पाहिल्या पाहिजेत. तशी मशीन तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चाचण्या लावून निकाल पाठवता येत असेल तर कळवा, स्क्रिप्ट मी लिहून देतो. तोवर क्लस्टरवरच्या पिपच्या कॉन्फिगमध्ये प्रेफर-बायनरी चालू करून ठेवा, म्हणजे नव्या सोर्सऐवजी जुनं तयार व्हील उचललं जाईल.