घराचा ताबा घेताना: एक निरुपद्रवी यादी

नव्या सदनिकेचा ताबा घेण्याआधी तपासणीची यादी करावी, असे हल्ली कोणीही सांगतो. पण ती कोणाचेही मन न दुखावता कशी करावी, हे मात्र कोणी सांगत नाही. अशा यादीचा हेतू घरातील दोष शोधणे हा असतो, असा एक गैरसमज रूढ आहे. वीस वर्षांचे हप्ते सुरू झाल्यावर दोष सापडून आपली झोप उडण्यापलीकडे काय होणार? तेव्हा यादी अशी करावी की प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करता येईल आणि सोबत आलेला साइट इंजिनिअर दुपारच्या जेवणाला वेळेवर पोहोचेल.

पहिली काळजी घ्यावी ती तारखेची. गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया हे मुहूर्त त्या दृष्टीने अत्यंत सोयीचे, कारण त्या दिवसांत महाराष्ट्रातील कोणतीही भिंत कोरडीठाक दिसते. जून ते सप्टेंबर हे महिने कटाक्षाने टाळावेत. पश्चिमेकडील खिडकीवर तिरपा पाऊस आदळला, की चौकट आणि भिंत यांच्यामधली फट नीट भरली आहे का, खिडकीच्या ओट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला आहे का, यांसारखी नको ती माहिती आपोआप मिळू लागते. कोरड्या दिवसांतही भिंतीच्या तळाशी लोणा लागून रंगाचे पोपडे सुटलेले दिसले, तर तेथे सोफा ठेवायचे ठरवून पुढच्या खोलीत जावे.

यादीतील पहिल्या दहा नोंदी दिशांसाठी राखून ठेवाव्यात. मोबाइलमधील होकायंत्र उघडून ईशान्य कोपरा निश्चित करावा. स्लॅबमधील आणि लिफ्टमधील लोखंडामुळे ती सुई दर दोन पावलांवर मत बदलते, पण ईशान्य अनेक ठिकाणी निघाली तर ते शुभच समजावे. स्वयंपाकाचा ओटा आग्नेयेला आहे का, याची चौकशी तासभर चालू द्यावी. त्याच ओट्यावरील सॉकेटला अर्थिंग आहे का, ही चौकशी करू नये. वितरण पेटीतील आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर, चाचणीचे एक छोटे बटण असते आणि ते दाबताच वीजप्रवाह तुटला पाहिजे, एवढीच ती परीक्षा असते. पण पाहुण्यांसमोर अंधार करणे बरे दिसत नाही.

सोबत काय न्यावे, यापेक्षा काय नेऊ नये, हे महत्त्वाचे आहे. बादली तर मुळीच नेऊ नये. न्हाणीघरात एक बादली पाणी ओतले, की ते जाळीकडे जाते, दाराकडे येते, की मध्येच तळे करून बसते, हे पाच मिनिटांत कळते आणि मग बोलणे वाढते. त्याहून वाईट म्हणजे काही चिकित्सक मंडळी जाळी बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवतात आणि खालच्या मजल्यावरील घराचे छत पाहून येतात. नाणेही नेऊ नये. फरशीवर नाणे वाजवले आणि आवाज पोकळ आला, तर खाली सिमेंटचा माल पूर्ण भरलेला नाही, हे लहान मुलालाही समजते. चाळीस रुपयांच्या दुधी भोपळ्याला नख लावून पाहिल्याशिवाय जो गृहस्थ तो पिशवीत टाकत नाही, त्याने ऐंशी लाखांच्या घरात फरशी वाजवणे शोभत नाही, एवढे तारतम्य आपल्या समाजात अजून शिल्लक आहे.

टेप नेण्यास हरकत नाही. मात्र ती पडद्यांच्या मापासाठीच वापरावी. चटई क्षेत्र, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराची जागा, मोजू नये. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या २०१६च्या कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. शिवाय करारनाम्याच्या नमुन्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला असतो, त्यामुळे मोजणारा आणि न मोजणारा दोघेही समाधानी राहू शकतात, फक्त मोजणाऱ्याला घाम येतो. कराराला जोडलेली सोयीसुविधांची यादी घरी कपाटातच सुरक्षित राहू द्यावी. नळ कोणत्या कंपनीचे लिहिले होते आणि कोणत्या कंपनीचे बसले, हा ताळा जुळवून कोणाचे भले झाले आहे?

कागदपत्रांविषयी विचारलेच, तर हळू आवाजात विचारावे. इमारत राहण्यायोग्य असल्याचे पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्राहकाने ताबा घ्यावा, असे कायदा म्हणतो. प्रमाणपत्र नसताना दिल्या जाणाऱ्या चावीला ‘फिट-आउट पझेशन’ असे भारदस्त नाव आहे आणि ती पेढ्यांच्या पुड्यासह मिळते. तो पुडा आनंदाने घ्यावा. पुढे पालिकेच्या नियमित नळजोडणीऐवजी रोज सकाळी टँकर दारात उभा राहिला, तरी पाणी आले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. लिफ्टचा परवाना, अग्निशमन यंत्रणा, गच्चीवरील टाक्या या साऱ्या सामायिक बाबी असल्यामुळे त्या दुसऱ्या कोणीतरी पाहिल्याच असणार, असे इमारतीतील प्रत्येकाने मानावे.

यानंतर सहीचा क्षण येतो. ताबापत्रात ‘सर्व बाबींची प्रत्यक्ष पाहणी केली असून माझे पूर्ण समाधान झाले आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्याखाली आपल्या हरकती लिहून, त्यावर दिनांक घालून, पोच घेण्याची एक कुरूप पद्धत काही लोकांनी पाडली आहे. आपण तोंडी सांगावे. इंजिनिअर ‘करून देतो साहेब’ म्हणतो, आणि त्या शब्दाला कागदाची जोड देणे हा त्याच्यावरील अविश्वास ठरतो.

सही होताच फॉल्स सीलिंगचे काम काढावे आणि न्हाणीघराच्या फरशा बदलाव्यात. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातील वा कारागिरीतील दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे त्याच रेरा कायद्यातील कलम १४ सांगते. त्या वेळी ‘गळती तुमच्या इंटिरिअरवाल्यामुळे झाली’ असे उत्तर त्याला देता यावे, यासाठी इतके साहाय्य आपण केलेच पाहिजे. दरम्यान छतावरची ओल सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हासह दर पावसाळ्यात कळवत राहावे. लेखी पत्र मात्र सहाव्या वर्षीच पाठवावे. तोवर आपली भाषा पुरेशी सौम्य झालेली असते, आणि उत्तर लिहिणाऱ्यालाही फार विचार करावा लागत नाही.