शॉकअपचा नट आवळल्याने पिकअपची पुढची बाजू उचलत नाही

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील पिकअपचालकांच्या मोबाइलवर एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: गाडी पुढून बसली असेल तर अंगणातच जॅकवर घ्यावी, पुढच्या दोन्ही शॉकअपचे (चाकाजवळच्या, धक्के जिरवणाऱ्या तेलाच्या नळकांड्यांचे) वरचे नट चार-चार आटे आवळावेत, गाडी दोन इंच वर येते, जास्त माल पेलते आणि अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणे) करावे लागत नाही. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांचा प्रश्न असल्यामुळे यातील प्रत्येक विधान तपासून पाहिले पाहिजे.

नट आवळल्याने गाडी उचलते, हा पहिला आणि मुख्य दावा. मुळात गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही. ते पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) पेलतात, किंवा गाडीच्या रचनेनुसार कॉइल स्प्रिंग अथवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी सळई) पेलतो. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते तेव्हा शॉकअपमधील पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून रेटतो आणि त्या उसळीची ऊर्जा उष्णतेत जिरते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचे शॉकअप हाताला गरम लागतात. एका बाजूचा गरम आणि दुसऱ्या बाजूचा थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही असा संशय घ्यावा. संदेशातील ‘वरचा नट’ फक्त दांडा जागेवर धरतो. त्याच्याखाली वॉशरांच्या मध्ये रबरी बुश असतात, आणि बुश फुगून वॉशरच्या कडेला आला की नट पुरेसा आवळला असे समजावे. त्यापुढे चार आटे दिले की रबर चिरडते, फाटते आणि काही दिवसांनी खटखट सुरू होते. कित्येक गाड्यांत तर वर नट नसतोच. शॉकअपच्या टोकाला असलेल्या डोळ्यातून, म्हणजे गोल कडीतून, आडवा बोल्ट गेलेला असतो. तो शेवटचा आवळताना चाक जमिनीवर आणि वजन गाडीवर असले पाहिजे, नाहीतर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो.

बाजारात जुळवून घेता येणारे शॉकअप मिळतात, हे खरे. पण त्यांच्या बटणाने उसळीवरचा आवर कमी-जास्त होतो, उंची बदलत नाही. उंची बदलते ती आटे असलेली रिंग फिरवून स्प्रिंगची बैठक सरकवता येणाऱ्या जोडणीत, आणि कंपनीतून आलेल्या मालवाहू पिकअपला अशी जोडणी सहसा नसते.

संदेश लिहिणाऱ्याने अर्धवट ऐकले असावे ते टॉर्शन बारबद्दल. त्या बारच्या मागच्या टोकाला खरोखरच एक बोल्ट असतो आणि तो आवळला की गाडीची पुढची बाजू वर येते. मात्र बारचा कडकपणा तेवढाच राहतो आणि चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा घटते. गाडी उंच दिसते आणि खड्ड्यात जास्त आदळते. शिवाय चाक धरणाऱ्या आर्मचे कोन बदलल्यामुळे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे) दोन्ही हलतात, म्हणजे अलाइनमेंट लागत नाही हा दावाही इथेच निकालात निघतो. तसेच गाडी चालवत राहिल्यास टायरची एकच कड झिजते.

जास्त माल पेलण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. हौद्यातील वजन बहुतांशी मागच्या धुऱ्यावर जाते, आणि माल धुऱ्याच्या मागे रचला तर पुढची बाजू उलट हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटते. रिकामी गाडीच पुढून बसलेली दिसत असेल, तर सपाट जागी दोन्ही बाजूंना चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मोजावे. फरक निघाला तर पाटा किंवा स्प्रिंग तपासावी. परवानगीचे एकूण वजन आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) लिहिलेले असते, कुठलाही पाना ते वाढवत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

राहिला अंगणातच गाडी जॅकवर घेण्याचा सल्ला. आपल्याकडे जॅकखाली किंवा चेसिसखाली जांभ्याचा चिरा सारण्याची सवय आहे, पण चिरा दाबाखाली अचानक फुटू शकतो. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नये. पाटे वेगळे आणि शॉकअप वेगळा अशी रचना असेल, तर तेल गळणारे शॉकअप जोडीने बदलण्याचे काम घरी करता येते. पण इसुझू डी-मॅक्ससारख्या गाडीत कॉइल स्प्रिंग शॉकअपभोवतीच दाबून बसवलेली असते. तिथे वरचा मधला नट त्या स्प्रिंगला आवरून धरतो, आणि तो सुटला तर स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने बाहेर येते. ते काम स्प्रिंग दाबण्याचे साधन असलेल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावे.