जिम लावण्याआधी ती घरापासून किती दूर आहे ते पाहा

चार वर्षांपूर्वी मी नदीपलीकडच्या एका मोठ्या जिमचे वर्षभराचे शुल्क एकरकमी भरले. यंत्रे नवी होती, हॉल प्रशस्त होता, आणि त्याच दिवशी पैसे भरल्यास सवलत मिळणार होती. कोथरूडहून संध्याकाळच्या गर्दीतून तिथे पोहोचायला पाऊण तास लागे. पहिला महिना उत्साहात गेला, दुसऱ्यात खाडे वाढले, आणि पावसाळा लागल्यावर माझे जाणे थांबले ते थांबलेच. तेव्हा मी स्वतःला आळशी ठरवले होते. आज मला वाटते, चूक निवडीत होती.

स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांमधील सभासदांची हजेरी तपासून २००६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक शुल्क भरणारे सभासद सरासरी महिन्यातून जेमतेम चार-साडेचार वेळा जात, म्हणजे त्यांना एक खेप १७ डॉलरहून महाग पडे. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच १० डॉलरमध्ये झाली असती. पैसे भरताना आपण उद्याच्या स्वतःकडून फार मोठी अपेक्षा धरतो, आणि वार्षिक सवलत नेमकी त्या अपेक्षेवर विकली जाते. म्हणून सुरुवातीला दोन-तीन महिन्यांचेच शुल्क भरावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले, मात्र माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यातच आढळले, आणि मला त्याचा मोठा दिलासा वाटतो.

जिम पाहायला दुपारी रिकाम्या वेळी जाऊ नये. आपण ज्या वेळेला रोज जाणार, त्याच वेळेला, शक्यतो सोमवारी जावे. बाकासाठी किती जण थांबले आहेत, बायकांना कपडे बदलायला नीट जागा आहे का, आणि ट्रेनर नवख्या माणसाकडे लक्ष देतो की प्रोटीन पावडर खपवतो, हे अर्ध्या तासात कळते. पुण्याच्या पेठांमधल्या तालमी चालत जाण्याच्या अंतरावर असत आणि तिथे येणारे एकमेकांना ओळखत. हा गुण मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते, आणि त्याला मोजकी साधने पुरतात. माझी आताची जिम लहान आहे, घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. तिथल्या ट्रेनरताईंनी पहिल्या दिवशी वजनाला हात लावू देण्याआधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि दोन आठवडे नुसत्या रिकाम्या रॉडवर बैठका करून घेतल्या. सलग दोन दिवस मी दिसले नाही, तर आजही त्यांचा फोन येतो.