खुलासा: जादा पाण्याने काँक्रीटची भिंत गुळगुळीत होत नाही

‘काँक्रीट ओतताना बादलीभर पाणी जास्त घाला, भिंत काचेसारखी निघते,’ असा मेसेज मुंबईतल्या साइटवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. कृपया कुणी करून बघू नका.

पाणी वाढलं की सिमेंटचा रस शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फटींतून गळतो. शटरिंग उघडल्यावर तिथे वाळूचे उभे ओघळ दिसतात. बोट फिरवलं तर वाळू हाताला येते. शिवाय काँक्रीट सच्छिद्र होतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत सळई गंजायला तेवढं पुरतं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किनारपट्टीच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) पाणी-सिमेंटचं वजनी प्रमाण (पाणी भागिले सिमेंट) ०.४५ च्या वर जाता कामा नये.

गुळगुळीतपणा येतो तो शटरिंगमुळे. फिल्म लावलेला प्लायवूड वापरा, सांध्यांना फोमची पट्टी लावा, शटरिंग ऑइलचा अगदी पातळ हात द्या (साचलं तर डाग पडतात). काँक्रीट दीड-दीड फुटाच्या थरांनी ओता. व्हायब्रेटरची नीडल (काँक्रीट हलवून हवा बाहेर काढणारी दांडी) खालच्या थरात चार बोटं जाऊ द्या आणि सावकाश वर ओढा. घाईत ओढली की हवा आतच राहते. तरी थोडी बारीक छिद्रं दिसतीलच. मिश्रण जास्त वाहतं हवं असेल, तर मिक्स डिझाइनप्रमाणे (मिश्रणाच्या ठरवलेल्या प्रमाणाप्रमाणे) प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण वाहतं करणारं रसायन, घालायला सांगा.