कोणती झाडं लावलीत, ते सांगा

पावसाळा लागला की वृक्षारोपणाचे फोटो येतात आणि प्रत्येक फोटोबरोबर आकडा असतो. इतके हजार, इतके लाख. झाडं कोणती, हे क्वचितच लिहिलेलं असतं. मला आधी तेच विचारावंसं वाटतं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. सावली देतात, मान्य. पण अशी झाडं ओळीत लावली म्हणजे जंगल झालं, हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडच्या उंबराचंच घ्या. त्याची फुलं फळाच्या आत दडलेली असतात. उंबर फोडल्यावर जे बारीक किडे दिसतात, त्यांच्यातल्याच चिमुकल्या गांधीलमाश्या परागीभवन करतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. शिवाय ही सगळी झाडं एकदम फळत नाहीत. त्यामुळे रानात दुसरं काही पिकलेलं नसतं तेव्हाही कुठेतरी एखादं झाड लगडलेलं असतं. हरियल, धनेश यांसारखे पक्षी, वटवाघळं, माकडं त्यावर तगतात आणि बिया दूरवर पोचवतात. धनेशाला घरट्यासाठी ढोलीही लागते, ती जुन्या थोराड झाडातच मिळते. म्हणून नवं रोप लावण्याआधी जुनं झाड वाचवा, असं मी म्हणते.

पाण्याचंही तसंच. पाऊस आधी पानांवर अडतो, मग पाचोळ्यावर, आणि मुळांनी पोकळ केलेल्या जमिनीत मुरतो. पाचोळा जाळला, खालची झुडपं साफ केली, की झाडं तेवढीच असूनही माती वाहून जाते.

उन्हाळ्यात पानं गाळलेल्या झाडाला लोक ‘वाळलेलं’ म्हणतात, याचं फार वाईट वाटतं. पानगळ ही पाणी वाचवायची त्याची रीत आहे. पळस, सावर, पांगारा अशा निष्पर्ण अवस्थेतच फुलतात, आणि मैना, सूर्यपक्षी मध प्यायला गर्दी करतात.

ओळख करून घ्यायची तर फुलांसाठी थांबू नका, ती थोडेच दिवस असतात. साल बघा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, त्याच्या जवळच्या नात्यातल्या अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी. कोवळ्या सावरीच्या खोडावर काटे. वसंतात लालभडक पालवी दिसली, तर तो बहुधा कुसुम.

कुणी रोपं वाटत असेल तर यादी मागा. हिरडा, बेहडा, ऐन, कुसुम त्यात नसतील तर बिया आपणच गोळा करू. करंजाचं बी सहज रुजतं. बहाव्याचं कवच टणक असतं, ते थोडं घासून, भिजवून लावावं लागतं.