डोस घेतलेल्या नर्सलाच कोरोना झाला, मग लस कशाला? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक जुना मेसेज पुन्हा फिरू लागला आहे. रामबागेतल्या ग्रुपवरून तो लोकमान्य नगरच्या ग्रुपवर गेला आणि तिथून आमच्या भिशीच्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘हॉस्पिटलच्या स्टाफला सगळ्यात आधी लस टोचली आणि कोरोना सगळ्यात जास्त त्यांनाच झाला. पॉझिटिव्ह निघालेले बहुतेक जण डोस घेतलेलेच होते. लशीनं संसर्ग थांबेल म्हणाले होते, थांबला नाही. लस घेतलेले लोक घरच्यांनाही कोरोना देतच होते. अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलनं तर सिद्ध केलं की जितके डोस जास्त, तितका कोरोना जास्त. शेवटी कंपनीनंच लस मागे घेतली.’

असे मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण त्याखाली नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीच्या आईनं विचारलं होतं, ‘हिला कॉलेजात हेपॅटायटिस बीची लस घ्यायला सांगताहेत, तीही नको का घ्यायला?’ त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. ती लस घ्यायलाच हवी. रुग्णाचं रक्त आणि सुया रोज हाताळणाऱ्या मुलीनं तर चुकवूच नये. कोरोनाच्या लशीबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्याचा आणि हिचा संबंध नाही. आता मेसेजकडे वळते.

‘कोरोना सगळ्यात जास्त हॉस्पिटलच्या स्टाफलाच झाला.’

बरोबर आहे, स्टाफला जास्त झाला. पण तो लस येण्याच्या आधीपासून जास्त होत होता. इंदूरकरांना तरी हे सांगायला लागू नये. एप्रिल २०२० मध्ये आपलं शहर देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होतं. टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले ते त्याच महिन्यात, आणि ९ एप्रिलला आपल्याच शहरातल्या एका डॉक्टरांचा कोरोनानं मृत्यू झाला. त्या वेळी जगात कुणाकडेच मान्यता मिळालेली लस नव्हती. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनानं गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जो माणूस आठ तास कोविड वॉर्डात उभा राहतो, त्याच्या नाकात विषाणू जाण्याची शक्यता घरी बसलेल्यापेक्षा जास्त असणारच. म्हणून तर १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिला नंबर त्यांचा लागला. मेसेजनं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे.

‘पॉझिटिव्ह निघालेले बहुतेक जण डोस घेतलेलेच होते.’

मेसेजमधला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे, म्हणून यावर जरा थांबते. यातला आकडा खोटा नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्या १०,६०० कर्मचाऱ्यांचा हिशोब प्रसिद्ध केला आहे. काळ फेब्रुवारी ते मे २०२१ चा, म्हणजे दुसऱ्या लाटेचा. बहुतेकांना कोविशील्ड दिलेली होती. दोन्ही डोस झालेले ७,०८० जण होते, त्यांपैकी ६७९ पॉझिटिव्ह आले. एकच डोस झालेल्या १,८७८ जणांपैकी २०० आले. एकही डोस न घेतलेले १,६०९ होते, त्यांपैकी ४३८ आले.

मेसेज लिहिणाऱ्यानं हा हिशोब कसा वाचला असता? ८७९ पॉझिटिव्ह लस घेतलेले, ४३८ न घेतलेले, म्हणजे तिघांपैकी दोघं लसवाले. झाली बातमी. पण लस घेतलेले मुळात होतेच कितीतरी जास्त. दर शंभर माणसांमागे पाहिलं, तर लस न घेतलेल्यांमध्ये २७ जणांना कोरोना झाला आणि दोन्ही डोस झालेल्यांमध्ये दहालाही नाही. संसर्गापासूनचं संरक्षण ६५ टक्के निघालं. पॉझिटिव्ह लोकांमध्ये लसवाल्यांची गर्दी दिसते ती एवढ्याचसाठी, की हॉस्पिटलमध्ये बहुतेकांनी लस घेतली होती. इंदुरात आजारी पडणाऱ्या बहुतेकांनी सकाळी पोहे खाल्लेले असतात, म्हणून पोह्यांनी आजार होतो असं आपण म्हणत नाही.

याच हिशोबातला पुढचा भाग मेसेजवाले कधीच दाखवत नाहीत. लस न घेतलेल्या १,६०९ जणांपैकी ११ जणांना ऑक्सिजन लागला आणि ८ जण आयसीयूत गेले. दोन डोसवाल्या ७,०८० पैकी ऑक्सिजन लागला ४ जणांना, आयसीयू लागलं २ जणांना. लस न घेतलेल्यांच्याच प्रमाणात लागला असता, तर या गटात ४८ जणांना ऑक्सिजन लागला असता. आणि ती लाट कसली होती, हे लक्षात ठेवून हा फरक वाचायचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये इंदुरात एकेका सिलिंडरसाठी माणसं रात्रभर फिरत होती. त्या काळात वेल्लोरच्या या कर्मचाऱ्यांमध्ये एकच मृत्यू झाला. त्या व्यक्तीला आधीपासून इतर आजार होते आणि तिनं लस घेतलेली नव्हती.

कुणाला लस द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेला हा प्रयोग नव्हता, हेही सांगायला हवं. लस टाळणारे कर्मचारी इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, आणि कर्मचारी बहुतेक तरुण होते. त्यामुळे ६५ हा आकडा काटेकोर मानू नये. पण २७ आणि १० मधला फरक असल्या कारणांनी पुसला जात नाही.

‘लशीनं संसर्ग थांबेल म्हणाले होते.’

या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

कोविशील्ड ज्या ऑक्सफर्डच्या लशीवर आधारलेली आहे, तिच्या चाचण्यांचा अहवाल डिसेंबर २०२० मध्येच छापून आला होता. दोन पूर्ण डोसांनी लक्षणं असलेल्या कोरोनापासून ६२.१ टक्के संरक्षण मिळतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे शंभर टक्क्यांचं आश्वासन शास्त्रज्ञांनी दिलंच नव्हतं. पण २१ एप्रिल २०२१ ला सरकारी पत्रकार परिषदेत सांगण्यात आलं, की दोन डोसांनंतर कोविशील्डवाल्यांमध्ये ०.०३ टक्के आणि कोवॅक्सिनवाल्यांमध्ये ०.०४ टक्के लोकांनाच संसर्ग झाला. त्यात लस न घेतलेल्यांशी तुलना नव्हती. दुसरा डोस घेऊन कितीतरी जणांना थोडेच दिवस झाले होते, आणि किती जणांनी टेस्ट करून घेतली हेही त्यात धरलेलं नव्हतं. लोकांनी अर्थ काढला की लस घेतली म्हणजे हजारात एकालाही होणार नाही. मग शेजारची नर्स पॉझिटिव्ह आली आणि विश्वास उडाला. याचा दोष मी लोकांना देणार नाही.

हॉस्पिटलच्या स्टाफवर नीट केलेली मोजमापं वेगळं सांगतात. दिल्लीच्या एम्सनं १५ एप्रिल ते १५ मे २०२१ मध्ये लक्षणं असलेल्या आपल्या २,७१४ कर्मचाऱ्यांच्या तपासण्यांवरून कोवॅक्सिनचं संरक्षण काढलं, ते ५० टक्के निघालं. लाट ऐन भरात, ड्युटी कोविडची, आणि तरी निम्मं. कमी आहे, पण शून्य नाही. ब्रिटनमध्ये तर हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांचे दर पंधरवड्याला स्वॅब घेतले, लक्षणं असोत वा नसोत. तिथं फायझरच्या दोन डोसांनंतर सुरुवातीला ८५ टक्के असलेलं संरक्षण साधारण साडेसहा महिन्यांनी ५१ वर आलं.

असं का होतं? दंडात टोचलेल्या लशीमुळे प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, मुख्यतः रक्तात तयार होतात. विषाणू शिरतो नाकातून, आणि नाकाच्या अस्तरावर त्यातली थोडीच पोचतात. पहिले काही महिने रक्तातलं प्रमाण इतकं जास्त असतं की दारातही पहारा असतो, नंतर ते उतरतं. पण शरीराची ओळख पक्की झालेली असते, त्यामुळे विषाणू फुप्फुसापर्यंत पोचण्याआधीच प्रतिकार सुरू होतो. म्हणून सर्दी-ताप होतो आणि ऑक्सिजन सहसा लागत नाही. त्यात विषाणूही बदलला, आधी डेल्टा आणि मग ओमिक्रॉन. आपल्या स्टाफचे दोन डोस २०२१ च्या पूर्वार्धात झाले आणि ओमिक्रॉनची लाट आली जानेवारी २०२२ मध्ये, संसर्गापासूनचं संरक्षण पार उतरलेलं असताना. तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस सुरू झाला १० जानेवारीला, तोवर लाट दारात आली होती. त्या महिन्यात वॉर्डच्या वॉर्ड स्टाफ पॉझिटिव्ह आला यात नवल काहीच नव्हतं.

सौम्य म्हणजे काहीच नाही, असंही नव्हे. इस्राएलच्या शेबा हॉस्पिटलमध्ये लस घेऊनही बाधित झालेले ३९ कर्मचारी तपासले, बहुतेकांचा आजार किरकोळ होता, तरी १९ टक्क्यांना सहा आठवड्यांनंतरही त्रास होता. म्हणून लस झाली की स्टाफचे मास्क काढून घेणं, खिडक्या बंद ठेवणं, पॉझिटिव्ह आलेल्या सिस्टरला पाचव्या दिवशी ड्युटीला बोलावणं, हे मला संतापजनक वाटतं. जिथं जिथं असं झालं, तिथं व्यवस्थापनानं आपलं काम लशीवर ढकललं.

‘घरच्यांनाही कोरोना देतच होते.’

देत होते, पण कमी. स्कॉटलंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या घरातल्या जवळपास १ लाख ९४ हजार माणसांची नोंद तपासली. कर्मचाऱ्याचा दुसरा डोस होऊन चौदा दिवस झाले, की घरच्यांना कोरोना होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हे ओमिक्रॉनच्या आधीचं आहे. ड्युटीवरून येऊन सासूबाईंच्या खोलीत जायला घाबरणाऱ्या सिस्टर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

‘जितके डोस जास्त, तितका कोरोना जास्त.’

हा अभ्यास खरा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या ५१,०१७ कर्मचाऱ्यांचा. तो पाहत होता की ओमिक्रॉनसाठी बदललेली लस संसर्ग किती टाळते. उत्तर आलं: सुरुवातीच्या उपप्रकारांच्या काळात २९ टक्के, पुढच्या काळात २०, आणि एक्सबीबी या त्यानंतरच्या उपप्रकाराच्या काळात जवळपास काहीच नाही. म्हणजे संसर्गापासूनचं संरक्षण तुटपुंजं आणि थोड्या दिवसांचं, हे या अभ्यासातूनही दिसतं. त्याच अभ्यासात आधीचे डोस जास्त असलेल्यांमध्ये संसर्ग जास्त आढळला. मेसेजनं तेवढंच उचललं. पण डोसांमुळे संसर्ग वाढला, हे त्यातून सिद्ध होत नाही. कुणी पुन्हापुन्हा डोस घेतो, त्याला धोका जास्त असू शकतो आणि तो टेस्टही जास्त वेळा करत असू शकतो. ज्यानं घेतले नाहीत, त्याला अलीकडेच ओमिक्रॉन होऊन गेलेला असू शकतो, आणि तो किती जणांनी नोंदवला असेल? आणखी एक, तो अभ्यास फक्त पॉझिटिव्ह टेस्ट मोजत होता. आजार किती गंभीर झाला, हे त्यात मोजलेलंच नाही.

‘कंपनीनंच लस मागे घेतली.’

ऑक्सफर्डची ती मूळ लस बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेकानं मे २०२४ मध्ये युरोपातला परवाना स्वतःहून परत केला, नव्या प्रकारांच्या लशी आल्यावर मागणी उरली नाही म्हणून. आपल्याकडे ती बनवणाऱ्या सीरम कंपनीनं कोविशील्डचं उत्पादन डिसेंबर २०२१ मध्येच थांबवलं होतं. रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ दुष्परिणाम खरा आहे. तो २०२१ च्या वसंतातच समोर आला आणि काही देशांनी तरुणांना ही लस देणं थांबवलं. त्यावर प्रश्न विचारायला कुणाचीच हरकत नसावी. पण तो प्रश्न वेगळा आहे, त्याची सरमिसळ ‘लशीनं स्टाफला वाचवलं का’ या प्रश्नात करू नये.

मेसेज पाठवणाऱ्या काकांनी मला खासगीत विचारलं, मग त्यांच्या सुनेनं, जी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, आता पुन्हा डोस घ्यावा का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये रुग्णांशी थेट संपर्क असलेल्या कर्मचाऱ्यांना प्राधान्य गटात धरलं आणि आधीच्या डोसानंतर वर्षभरानं पुन्हा घेण्याचा सल्ला दिला. सुनेचं वय तिशीचं आहे, तीन डोस झालेत, दोनदा कोरोनाही झाला आहे. तिला नव्या डोसानं मिळेल ते काही महिन्यांचं, संसर्गापुरतं थोडं संरक्षण. गंभीर आजाराचा धोका तिला आता तसाही कमी आहे. मधुमेह असता, गरोदर असती, पन्नाशी-साठीची असती, तर मी काकांना सांगितलं असतं की डॉक्टरांशी आजच बोला. तिच्या बाबतीत सांगितलं ते एवढंच, की ओटीच्या बाहेरही, सर्दी-खोकल्याच्या रुग्णाजवळ जाताना, एन-९५ घालायला सांगा.