समितीत तांड्याला किती खुर्च्या?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. एका कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, गाव दत्तक घ्यायची तयारी दाखवली आहे. कमान, पिण्याच्या पाण्याचा आरो प्लांट आणि शाळेत डिजिटल वर्ग असा प्रस्ताव आहे. काही जण म्हणतात, लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी गाव सुधरत नाही, कंपनीनं सुधरेल. काहींना जुना, कुलूपबंद आरो आठवतो. ही कामं ठरवणाऱ्या समितीत कोण बसणार, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

मी बॉस्टनला राहतो. इथल्या रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट नावाची वस्ती आहे. विम्याच्या पैशासाठी घरं जाळली गेली, मोकळ्या प्लॉटांवर शहरभरचा कचरा येऊन पडला. असे सुमारे १३०० प्लॉट ओसाड होते. १९८४च्या सुमारास एक देणगीदार संस्था आणि काही समाजसेवी मंडळी योजना घेऊन आली. सभेत रहिवाशांनी विचारलं, तुमच्यापैकी इथं राहतं कोण? संचालक मंडळात त्यांना मोजक्या जागा ठेवल्या होत्या. ते अडून बसले आणि बहुमत मिळवलं. मला जास्त आवडतं ते पुढचं. वस्तीत काळे, केप व्हर्डियन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डी बेटांवरून आलेले), लॅटिनो आणि गोरे असे चार समाज होते. ज्याची डोकी जास्त त्याच्या खुर्च्या जास्त, असं न करता चौघांनाही सारख्याच जागा दिल्या.

१९८८ साली शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणानं या रहिवाशांच्या संघटनेला ओसाड खासगी प्लॉट सक्तीनं संपादन करायचा अधिकार दिला. जमीन संघटनेनं काढलेल्या ट्रस्टची, घर राहणाऱ्याचं, आणि ते विकताना किमतीवर मर्यादा. त्यामुळे आजूबाजूला भाव चढले तरी ती घरं गरिबाच्या आवाक्यात राहिली. फाउंडेशनचे पैसे लागलेच, पण ते कुठं लावायचे हे गल्लीनं ठरवलं. गरिबी तिथून हटली, असं मात्र मी म्हणणार नाही.

ग्रुपवर हे लिहिलं, तर लगेच उत्तर आलं, "तुमचं अमेरिकेतलं इथं नाही चालत, भाऊ." अमेरिका राहू द्या, गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) घ्या. २००९मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११पासून बांबू गावानंच विकायला सुरुवात केली. तिथं मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे सोबती होते. ते अभ्यास गटात बसले, निर्णय सर्वसहमतीनं ग्रामसभेचा.

मेंढा मात्र गोंडांचं गाव. आमच्या यवतमाळच्या गावात कुणबी, बौद्ध वस्ती आणि दोन किलोमीटरवर बंजारा तांडा. म्हणून मला मेंढ्याइतकीच डडलीची ती सारख्या खुर्च्यांची युक्ती कामाची वाटते. ई-क्लास, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीवर सोलर बसवायचं की गायरान ठेवायचं, हा प्रश्न चार बकऱ्यांवर घर चालवणाऱ्या तांड्यावरच्या बाईला जेवढा लागतो, तेवढा वीस एकरवाल्याला नाही.

डडलीवाल्यांना जे भांडून मिळवावं लागलं, त्यातलं पुष्कळ आपल्याकडे कायद्यानं दिलेलं आहे. ग्रामसभा आहे, तिच्या आधी महिलांची सभा आहे, कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० यांतला कमी असेल तो. पण ग्रामपंचायतीत सदस्य असलेला माझा चुलतभाऊ सरळ सांगतो, "कोरम कोन पाह्यते गा भाऊ? सभा तहकूब करायची. तहकूब सभेले कोरमच लागत नाही." एवढी पळवाट आम्ही कायद्यातून बरोबर शोधून काढली!

कमानीसाठी आम्हा परदेशातल्यांकडूनही वर्गणी मागितली आहे. मी तूर्त नाही म्हटलं. कंपनी येऊ द्या, पण समितीत तिन्ही वस्त्यांना सारख्या जागा, त्यांत निम्म्या बाया, आणि आरोच्या देखभालीचा खर्च कोण करणार हे करारात लिहिलेलं हवं. सभाही २६ जानेवारीला नको. तेव्हा अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला असतो. १५ ऑगस्टला दिवसा घेतली तर निंदणाची मजुरी बुडते. माणसं परतल्यावर, संध्याकाळी, तांड्यावरच घ्या. गावातल्यांना दोन किलोमीटर चालावं लागेल, एवढंच.